मानसशास्त्राच्या मॅडमना भेटायला जाताना: जर्नल, प्रोजेक्ट आणि शंका

मानसशास्त्राला प्रवेश घेणाऱ्या बहुतेकांची समजूत अशी असते की इथे फ्रॉइड, स्वप्नं आणि समोरच्याचा चेहरा वाचायच्या युक्त्या शिकवतील. प्रत्यक्षात हातात पडतं प्रॅक्टिकलचं जर्नल, स्टॉपवॉच आणि प्रमाण विचलनाचं सूत्र. दिवाळीपर्यंत शंकांचा ढीग होतो. त्या कुणाला विचारायच्या, कधी आणि कशा, हे मात्र कुठल्याच सिलॅबसमध्ये छापलेलं नसतं. मग मुलं सीनियरचं जर्नल उतरवतात आणि व्हायवाला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक साधा प्रश्न विचारला की गप्प उभी राहतात.

मी हा विषय शिकवते, म्हणजे टेबलाच्या पलीकडच्या बाजूची आहे. तिथून एक गोष्ट स्वच्छ दिसते. रिकाम्या हाताने आलेल्या मुलाला मी पंधरा मिनिटांत फारसं काही देऊ शकत नाही. चुकलेलं, अर्धवट, खाडाखोड केलेलं का होईना, काम समोर असलं की त्याच पंधरा मिनिटांत बरंच होतं. पुढचं सगळं यावरच उभं आहे. बी.ए.च्या पहिल्या वर्षापासून एम.ए.पर्यंत कुणालाही ते लागू पडेल.

आधी वेळ ठरवा

आपल्याकडच्या कॉलेजांत सगळे शिक्षक दिवसभर स्टाफरूममध्ये सापडतील असं नसतं. बरेच जण तासिका तत्त्वावर असतात. सकाळी एका कॉलेजात दोन तास, दुपारी दुसरीकडे. त्यांना लेक्चर संपल्यावर कॉरिडॉरमध्ये गाठलंत तर ते घड्याळाकडे बघतच उत्तर देणार. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांची बस असते. पूर्णवेळ शिक्षकांच्या मागे परीक्षेची कामं, प्रवेश आणि नॅकच्या फायली. तेव्हा कुठल्या वारी, किती वाजता सवड असते ते आधी विचारून घ्या. डिपार्टमेंट किंवा लॅब असिस्टंटला हे बिनचूक माहीत असतं. त्यांच्याशी ओळख ठेवा. चाचण्यांच्या कपाटाची किल्लीही त्यांच्याकडेच असते.

मेसेज पाठवायचा तर असा:

«नमस्कार मॅडम. मी एस.वाय.बी.ए., मानसशास्त्र स्पेशल, रोल नंबर ४२. स्ट्रूपच्या प्रयोगात माझ्या प्रयुक्ताचे निष्कर्ष अपेक्षेच्या उलट आले आहेत. कच्ची नोंद आणि तक्ता तयार आहे. गुरुवारी प्रॅक्टिकलनंतर दहा मिनिटं भेटता येईल का?»

यात कोण, कशाबद्दल, काय तयार आहे आणि किती वेळ हवा, सगळं आलं. (प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करतो ती व्यक्ती. स्ट्रूपचा प्रयोग काय ते पुढे येईलच.) याउलट रात्री साडेअकराला आलेला «मॅम, फ्री आहात का?» हा मेसेज मी सकाळी वाचते आणि उत्तर द्यायचं राहून जातं. «हाय मॅम» लिहून पुढचं काहीच न लिहिणाऱ्यांबद्दल तर न बोललेलंच बरं. दोन दिवसांत उत्तर आलं नाही तर एकदा आठवण करावी, खुशाल करावी. पाच मिनिटांच्या अंतराने प्रश्नचिन्हं पाठवू नयेत.

सबमिशनच्या आदल्या आठवड्यात कुणालाही वेळ मिळत नाही. तेव्हा फक्त सह्या होतात.

सोबत काय न्यायचं

जर्नल, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कच्ची नोंद. प्रयोग करताना ज्या कागदावर तुम्ही सेकंद लिहिलेत तो चुरगळलेला कागद. अनेक जण तो फेकून देतात आणि फक्त फेअर केलेला तक्ता दाखवतात. तक्त्यात चूक कुठे झाली हे शोधायचा एकमेव रस्ता त्या कागदावरून जातो. प्रयुक्ताचा अंतर्निरीक्षण अहवालही आणा. प्रयोग झाल्यावर तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत हवं. «प्रयोग करताना छान वाटले» असं तीस जर्नलांत तीस वेळा लिहिलेलं असतं, त्याचा कुणालाच उपयोग नाही.

प्रश्न कसा विचारायचा, याला थोडा सराव लागतो. «मॅडम, स्मृतीचा चॅप्टर कळला नाही» याला उत्तर काय देणार? सगळा चॅप्टर पुन्हा शिकवायचा? त्याऐवजी असं बघा: «एबिंगहाउसने १८८५ च्या अभ्यासात स्वतःवरच प्रयोग केले, निरर्थक अक्षरगट पाठ करून. एकाच माणसावरचे प्रयोग आपण अजून का शिकतो? मग आम्हाला नमुना छोटा आहे म्हणून मार्क का कापतात?» हा प्रश्न घेऊन एक मुलगा आला होता. आम्ही अर्धा तास बोललो. एकाच माणसावर शेकडो वेळा मोजणं वेगळं आणि तीस माणसांवर एकेकदा मोजणं वेगळं, आणि दिवस जातील तसं पाठ केलेलं किती विसरतं हे दाखवणारा एबिंगहाउसचा वक्र पुढे इतरांनीही करून पाहिला, या दोन गोष्टी त्याला त्या दिवशी जशा कळल्या तशा लेक्चरमध्ये कळल्या नसत्या.

युक्ती एवढीच: «इथपर्यंत कळलं, इथून पुढे नाही» अशी रेघ ओढून या. ती रेघ चुकीच्या जागी ओढलेली असली तरी चालते. मग निदान तुमचा गोंधळ कुठून सुरू होतो ते मला दिसतं.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. शंका मराठीत विचारा. बऱ्याच विद्यापीठांत बी.ए.चे पेपर मराठीतून लिहिता येतात, आणि इंग्रजीतून लिहायचे असले तरी विचार आधी स्वतःच्या भाषेत पक्का झालेला बरा. इंग्रजी वाक्य जुळवण्याच्या नादात मूळ शंका घशातच राहिलेली मुलं मी कितीतरी पाहिली आहेत.

निष्कर्ष उलटे आले तर

प्रॅक्टिकलमध्ये सगळ्यात जास्त घबराट याचीच. थोडं सविस्तर सांगते.

स्ट्रूपचा प्रयोग जवळपास प्रत्येक अभ्यासक्रमात असतो. जॉन रिडली स्ट्रूप या अमेरिकन संशोधकाने तो १९३५ मध्ये प्रसिद्ध केला. एका कार्डावर नुसते रंगांचे चौकोन. दुसऱ्यावर रंगांची नावं, पण भलत्याच शाईत छापलेली: «लाल» हा शब्द हिरव्या शाईत, «निळा» पिवळ्या शाईत. शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. वाचनाची सवय मध्ये कडमडते आणि वेळ वाढतो. स्ट्रूपच्या प्रयुक्तांना १०० चौकोनांचे रंग सांगायला सरासरी ६३.३ सेकंद लागले होते, आणि भलत्या शाईतल्या १०० शब्दांचे रंग सांगायला ११०.३ सेकंद. मानसशास्त्रात इतका ठसठशीत परिणाम क्वचित मिळतो. त्यामुळे आपल्या प्रयुक्ताचा वेळ वाढलाच नाही की विद्यार्थ्याला वाटतं आपण काहीतरी बिघडवलं.

आता समजा तुमच्या प्रयुक्ताला चौकोनांच्या कार्डाला ३१ सेकंद लागले आणि शब्दांच्या कार्डाला २९. इथे मोह होतो २९ चे ४९ करायचा. एक आकडा तर बदलायचा आहे, कोण बघतंय? करू नका, आणि हे मी केवळ नीतिमत्तेपोटी सांगत नाहीये. खोटे आकडे बहुतेक वेळा ओळखू येतात, कारण ते फार शहाण्यासारखे वागतात. वर्गातल्या वीस जर्नलांत दुसऱ्या कार्डाचा वेळ बरोबर वीस सेकंदांनी वाढलेला दिसला की परीक्षक जर्नल मिटून सरळ विचारतात, «प्रयुक्ताला सूचना काय दिल्यास, तोंडपाठ सांग.» जिने प्रयोग केलेलाच नाही तिला त्या सांगता येत नाहीत.

त्याऐवजी ते ३१ आणि २९ जसेच्या तसे घेऊन या. मग आपलं बोलणं साधारण असं होईल.

«कार्डं कुठल्या क्रमाने दिलीस?»

«आधी चौकोन, मग शब्द.»

«सगळ्यांनाच?»

«हो मॅडम, जर्नलमध्ये तसंच आहे.»

म्हणजे दुसऱ्या कार्डापर्यंत प्रयुक्ताचा हात, खरं तर तोंड, बसलेलं होतं. सरावाचा परिणाम मिसळला. निम्म्या प्रयुक्तांना क्रम उलटा द्यायला हवा होता.

«चुका मोजल्यास का?»

बऱ्याचदा मोजलेल्या नसतात. वेळ कमी आणि चुका सात, असं असेल तर तो घाईघाईत शब्दच वाचून मोकळा झाला.

«डोळे बारीक करून बघत होता का?»

काही हुशार प्रयुक्त हे करतात. अक्षरं धूसर झाली की नुसता रंग उरतो. हे अंतर्निरीक्षण अहवालात यायला हवं होतं.

«रंग नीट ओळखता येतात का, हे आधी तपासलंस?»

आणि मग माझा आवडता प्रश्न: «तो शाळेत कुठल्या माध्यमात होता?»

पुण्या-मुंबईत इंग्रजी माध्यमात शिकलेली, किंवा सीमाभागात कन्नड शाळेत गेलेली कितीतरी मुलं घरी उत्तम मराठी बोलतात, पण देवनागरी अक्षर लावत लावत वाचतात. स्ट्रूपच्या प्रयोगातला सगळा अडथळा वाचन आपोआप होण्यावर अवलंबून आहे. ज्याचं त्या लिपीतलं वाचन आपोआप होतच नाही, त्याला «लाल» हा शब्द फारसा त्रास देणार नाही. एका विद्यार्थिनीने या प्रश्नानंतर त्याच प्रयुक्ताला इंग्रजी शब्दांचं कार्ड करून दिलं, आणि तिथे वेळ चांगलाच वाढला. तिने दोन्ही नोंदी लिहिल्या. एका प्रयुक्तावरून ठाम काही सिद्ध होत नाही, तेही तिनेच चर्चेच्या भागात लिहिलं. त्या वर्षीच्या जर्नलांत माझ्या मते ती सगळ्यात चांगली दोन पानं होती, आणि ती उलट्या निष्कर्षामुळे आली.

म्युलर-लायर भ्रम (सारख्याच लांबीच्या रेघा लहान-मोठ्या दिसणं), आरशातलं रेखन, एका हाताचं कसब दुसऱ्या हातात उतरणं, कुठल्याही प्रयोगात याच वाटेने जा. क्रम काय होता, सूचना काय होत्या, चुका किती, प्रयुक्त कोण, तो काय म्हणाला. या पाच गोष्टी कागदावर असतील तर उलटा निष्कर्ष घेऊन बेधडक या.

प्रोजेक्टचा विषय

«मॅडम, मला सोशल मीडिया आणि मेंटल हेल्थवर प्रोजेक्ट करायचाय.» दरवर्षी किमान निम्मा वर्ग हा विषय घेऊन येतो. विषय वाईट नाही, पण तो अजून विषयच झालेला नाही. भेटीला येण्याआधी तीन गोष्टी एका कागदावर लिहून आणा: काय मोजणार, कशाने मोजणार, कुणाकडून माहिती घेणार. सोशल मीडिया म्हणजे दिवसातले तास, की रात्री अकरानंतरचा वापर, की दुसऱ्यांचे फोटो बघून होणारी तुलना? मेंटल हेल्थ म्हणजे चिंता, की आत्मसन्मान, की झोप? एकेक निवडायला गेलं की आपल्याला नेमकं काय जाणून घ्यायचंय हे कित्येकांना तिथेच पहिल्यांदा कळतं.

मोजण्याची साधनं निवडताना शिक्षकांशी बोलल्याशिवाय गूगल फॉर्म पाठवायचा नाही. हा मुद्दा मी अडवून धरते, आणि कारण सांगते.

नैराश्य मोजायला मुलं इंटरनेटवरून पीएचक्यू-९ ही प्रश्नावली उचलतात. नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, फुकट मिळते, छोटी आहे. पण तिचा नववा प्रश्न गेल्या दोन आठवड्यांत मरून गेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का, असा आहे. तुम्ही फॉर्म वर्गाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलात, नाव विचारलं नाही, साठ जणांनी भरला. रात्री एक्सेल उघडलंत तर एकाने नवव्या प्रश्नाला «जवळपास रोज» असं उत्तर दिलंय. आता काय कराल? तो कोण हे तुम्हाला माहीत नाही. नाव विचारलं असतं, तर उत्तर गुप्त ठेवण्याचं वचन आणि त्याचा जीव यांच्यात तुम्ही अडकला असतात. विसाव्या वर्षी, मार्कांसाठी केलेल्या प्रोजेक्टमध्ये हा प्रसंग कुणावर येऊ नये. म्हणून बी.ए.च्या पातळीवर मी ही प्रश्नावली वापरू देत नाही. एम.ए.ला वापरायची असेल तर आधी लेखी ठरवून घ्यायचं: उत्तरं कोण, किती वेळात बघणार, कुणाला कळवणार, फॉर्मच्या शेवटी मदतीचे कुठले क्रमांक असणार आणि संमतीपत्रात याची कल्पना कशी देणार.

जीएडी-७ ही चिंतेची प्रश्नावली त्या मानाने कमी जोखमीची. सात प्रश्न, एकूण गुण ० ते २१. तरी तीही निदान करत नाही. १० किंवा जास्त गुण आले म्हणजे पुढे नीट तपासणी करावी, एवढंच ती सांगते. «४० टक्के विद्यार्थी चिंताविकाराने ग्रस्त आढळले» असं वाक्य तुमच्या अहवालात दिसलं तर मी ते लाल पेनाने खोडणार.

आणखी एक. कॉलेजच्या कपाटातल्या छापील चाचण्या विकत घेतलेल्या असतात. त्यांचे फोटो काढून ग्रुपवर टाकणं कायद्याने चूक आहेच, शिवाय चाचणीही बिघडते. रेव्हनच्या बुद्धिमत्ता चाचणीतल्या आकृत्यांची उत्तरं आधीच पाहिलेल्या माणसाची बुद्धिमत्ता त्या चाचणीने कशी मोजणार?

आकडे घेऊन येताना

संख्याशास्त्राची भीती बाळगून येणाऱ्यांसाठी एक नेहमीचा किस्सा. रोझेनबर्गची आत्मसन्मान श्रेणी, १९६५ ची, दहा विधानं. विद्यार्थ्याने विश्वसनीयता काढली तर अल्फा, म्हणजे विधानं एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, इतका खाली आला की सॉफ्टवेअर बिघडलं असं त्याला वाटलं. पहिला प्रश्न मी नेहमी एकच विचारते: उलटे गुण दिलेस का? दहापैकी पाच विधानं नकारार्थी आहेत. «मी कशालाच लायक नाही असं कधीकधी वाटतं» अशा विधानाला जोरदार होकार म्हणजे आत्मसन्मान कमी, म्हणून तिथे गुण उलटवायचे असतात. ते न करता बेरीज केली की निम्मी विधानं उरलेल्या निम्म्यांच्या विरुद्ध ओढतात. एक्सेलमध्ये १ ते ४ गुण असतील तर पाचातून वजा करायचे, दोन मिनिटांचं काम. हे तपासून मगच भेटायला या.

सहसंबंधाबद्दल बोलायला येताना गुणांकाचा वर्ग करून आणा. साठ विद्यार्थ्यांत इन्स्टाग्रामचे तास आणि चिंता यांचा सहसंबंध ०.३० आला, तर तो ०.०५ च्या पातळीवर सार्थ आहे, म्हणजे नुसत्या योगायोगाने एवढा सहसंबंध क्वचितच येईल, टाळ्या. पण वर्ग केला की ०.०९. म्हणजे चिंतेतल्या फरकांपैकी साधारण ९ टक्के फरक त्या तासांशी जोडता येतो, उरलेल्या ९१ टक्क्यांबद्दल तुमचा प्रोजेक्ट गप्प आहे. शिवाय जास्त इन्स्टाग्राममुळे चिंता, की चिंतेमुळे इन्स्टाग्राम, की परीक्षा जवळ आल्यामुळे दोन्ही, हे या आकड्यावरून कळत नाही. हे स्वतःहून बोलून दाखवणारी मुलगी व्हायवाला अडत नाही.

शिक्षकांशी न पटल्यास

पटत नाही म्हणायला हरकत नाही. कसं म्हणायचं ते बघू.

पुस्तकातल्या एखाद्या गाजलेल्या प्रयोगावर तुम्हाला शंका असेल तर ती जरूर काढा. २०१५ मध्ये संशोधकांच्या एका मोठ्या गटाने मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले. मूळ अभ्यासांपैकी ९७ टक्क्यांत निष्कर्ष सार्थ होते. पुन्हा करताना ३६ टक्क्यांतच सार्थ आले. त्यामुळे «सर, हे नंतर कुणी पुन्हा करून पाहिलंय का?» हा प्रश्न आपल्या विषयात अजिबात उद्धट नाही. काही शिक्षकांना तो आवडणार नाही, हेही खरं. तेव्हा तो भर वर्गात, चाळीस जणांसमोर सरांना गाठून विचारू नका. तास संपल्यावर विचारा, आणि जे वाचलंय ते सोबत न्या. «रीलमध्ये पाहिलं» यावर बोलणं पुढे जात नाही.

मार्कांचं थोडं वेगळं आहे. «मला कमी का दिले?» असं विचारलं की समोरचा बचावात जातो, माणूस आहे. «चर्चेच्या भागात काय असतं तर हे उत्तर आणखी चांगलं झालं असतं?» असं विचारा. बेरीज चुकली असेल तर मात्र आडवळण नको, सरळ दाखवा.

उत्तर मशीनकडून लिहून आणलं असेल तर तसं सांगून टाका. चॅटबॉट अस्तित्वातच नसलेल्या शोधनिबंधांचे संदर्भ बेमालूम देतात, लेखक, वर्ष, पान क्रमांकासकट. मी संदर्भसूचीतले दोन निबंध शोधून बघते. सापडले नाहीत की मग उरलेल्या अहवालावरचाही माझा विश्वास उडतो. एपीए पद्धतीने सूची लावायला त्याची मदत घेतलीत तर माझी हरकत नाही. तुमच्या कॉलेजचा नियम काय आहे ते विचारून घ्या.

बोलणं स्वतःवर आलं तर

अपसामान्य मानसशास्त्राचा पेपर सुरू झाला की दोन-तीन आठवड्यांत कुणीतरी येतं आणि दार लोटून घेतं. «मॅडम, ते ओसीडीचं सगळं मला लागू पडतंय.» (ओसीडी म्हणजे तेच तेच विचार आणि त्याच त्याच कृती थांबवता न येण्याचा विकार.) हे फार जणांना होतं. वैद्यकीय शाखेच्या विद्यार्थ्यांमध्येही हे ओळखीचं आहे. जो आजार वाचावा तो आपल्याला झालाय असं वाटतं. गॅस बंद केलाय का हे दोनदा बघणं म्हणजे विकार नव्हे. त्याने रोजचं जगणं, झोप, अभ्यास, नाती अडायला लागली आहेत का, हा खरा प्रश्न.

पण कधीकधी ते खरंच असतं. तेव्हा एक गोष्ट लक्षात असू द्या: तुम्हाला शिकवणारी, तुमचे पेपर तपासणारी व्यक्ती तुमची समुपदेशक होऊ शकत नाही, होऊही नये. मी ऐकून घेईन, पाणी देईन, आणि कुणाकडे जायचं ते सांगेन. मॅडमनी टाळलं असं त्यावरून समजू नका. तुम्ही सांगितलेलं माझ्या डोक्यात असताना मी तुमचे इंटर्नलचे मार्क द्यायचे, हे तुमच्यासाठीच अवघड आहे. कॉलेजात समुपदेशन कक्ष असेल तर तिथे जा. केंद्र सरकारची टेली-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास मोफत बोलता येतं, मराठीतूनसुद्धा.

मैत्रिणीबद्दल काळजी वाटत असेल तर तेही येऊन सांगा. तिचं नाव न घेताही सल्ला विचारता येतो. मात्र जिवाला धोका वाटत असेल तर नाव घ्या, आणि त्याच दिवशी.

भेट झाल्यावर

बोलताना वही उघडी ठेवा. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. संध्याकाळी चार ओळींचा मेसेज टाका: काय ठरलं, तुम्ही काय करणार, कधीपर्यंत. «ठरल्याप्रमाणे पीएचक्यू-९ काढून टाकली, जीएडी-७ घेते, संमतीपत्राचा मसुदा सोमवारी दाखवते.» याचा मोठा फायदा असा की पंधरा दिवसांनी मॅडमना काही आठवत नसतं, तेव्हा हा मेसेज असतो. साठ विद्यार्थ्यांचे साठ प्रोजेक्ट कुणाच्याच लक्षात राहत नाहीत.

पुढच्या वेळी येताना मागच्या वेळच्या दुरुस्त्या केलेल्या असाव्यात. त्याच चुका घेऊन तिसऱ्यांदा आलेल्या मुलाला मी परत पाठवते.

पुढच्या वाटांबद्दलही बोला, आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटापर्यंत थांबू नका. चार वर्षांच्या पदवीत संशोधनासह ऑनर्स घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के हवेत, असं यूजीसीची चौकट सांगते. हे पाचव्या सत्रात कळून उपयोग नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, साधं एम.ए. त्याला पुरत नाही. हे ऐकून हिरमुसणारी मुलं मी पाहिली आहेत, पण एम.ए.ची फी भरून झाल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. शाळेतलं समुपदेशन, मनुष्यबळ विभाग, संशोधन, अध्यापन, प्रत्येकाची वाट वेगळी, तुमच्या शिक्षकांना यातली एखादी तरी आतून माहीत असेल.

शिफारसपत्र हवं असेल तर शेवटच्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी विचारा. «द्याल का?» यापेक्षा «माझ्याबद्दल चांगलं लिहिता येईल एवढी ओळख आहे का?» असं विचारलंत तर समोरच्याला प्रामाणिक नकार देता येतो, आणि ओढूनताणून लिहिलेल्या पत्रापेक्षा नकार परवडतो. सोबत एका फाइलमध्ये द्या: गुणपत्रिका, बायोडेटा, कोर्सची माहिती, पत्र कुठे आणि कसं पाठवायचं, शेवटची तारीख ठळक अक्षरांत, आणि त्या शिक्षकांकडे केलेल्या तुमच्या चांगल्या कामाची प्रत. स्ट्रूपच्या जर्नलची ती दोन पानं असली तर तीच द्या. तारखेच्या चार दिवस आधी एकदा आठवण करा, आणि प्रवेश मिळाला तरी, नाही मिळाला तरी, कळवा.